ओबामाच्या शपथविधीला लोक रडत का होते, आणि पुढे नेमकं काय झालं?

२० जानेवारी २००९, मंगळवार. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तिकडे वॉशिंग्टनला दुपारचे बारा. जेवणं उरकली होती, आई ओटा पुसत होती आणि मी आणि बाबा टीव्हीसमोर. तिकडे पारा शून्याच्या खाली, तरी त्या लांबलचक मैदानात अंदाजे १८ लाख माणसं उभी, कॅमेरा कितीही मागे घेतला तरी गर्दी संपेचना. बराक ओबामा शपथ घ्यायला पुढे आले आणि कॅमेरा लोकांवर गेला तर म्हाताऱ्या बायका, कानटोप्या घातलेले आजोबा, चांगले धिप्पाड बाप्ये, सगळे रडतायत. हुंदके देऊन. बाबांची सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, ताळा जमल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. म्हणाले, "अरे जिंकलाय ना तो? मग रडायला काय झालं यांना?"

मी "ऐतिहासिक आहे बाबा" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं.

अजूनही दर चार वर्षांनी २० जानेवारी आली की ती क्लिप फिरते आणि आमच्या ग्रुपवर तोच वाद सुरू होतो. एक जण म्हणतो काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला म्हणजे अमेरिकेतला वंशभेद संपला, दुसरा म्हणतो काही बदललं नाही, सगळं नाटक. मधल्या काळात मी यावर बरंच वाचलं, त्यामुळे बाबांचा तो ताळा आता जमवून बघतो.

आधी शपथ म्हणजे काय ते

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाची शपथ शब्दशः लिहून ठेवलीय, इंग्रजीत फक्त ३५ शब्द. त्यांचा राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखा नुसता मानाचा नसतो, सरकार तोच चालवतो, म्हणजे आपल्याकडच्या पंतप्रधानाचं काम आणि राष्ट्रपतीचा मान दोन्ही एकाच खुर्चीत. शपथ देतात सरन्यायाधीश. २००९ ला ते होते जॉन रॉबर्ट्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रॉबर्ट्स कागद न घेता पाठ म्हणायला गेले आणि चुकले. 'निष्ठेने' या अर्थाचा शब्द भलत्याच जागी टाकला. ओबामांना शपथ पाठ होती, ते मध्येच थांबले, किंचित हसले, मग दोघांचंही अडखळलं. घटनेतल्या शब्दांचा क्रम चुकला तर उद्या कोणीतरी कोर्टात जाईल या धास्तीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमधल्या मॅप रूममध्ये मोजक्या माणसांसमोर शपथ परत झाली. रॉबर्ट्सनी विचारलं तयार आहात ना, तर ओबामा म्हणाले हो, आणि या वेळी अगदी सावकाश घेऊ. गंमत म्हणजे २००५ मध्ये रॉबर्ट्सच्या नेमणुकीवर सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहात, मतदान झालं तेव्हा सिनेटर ओबामांनी विरोधात मत दिलं होतं.

पहिल्या दिवशी ओबामांचा हात ज्या बायबलवर होता ते अब्राहम लिंकनचं, १८६१ च्या शपथेचं. लिंकन म्हणजे ज्याच्या काळात गुलामगिरी मोडली तो. म्हणजे दागिना नुसता घालायचा नव्हता, आजीच्या पेटीतला काढून घालायचा होता.

ती इमारत कोणी बांधली

ओबामा ज्या पायऱ्यांवर उभे होते ती इमारत म्हणजे कॅपिटॉल, त्यांची संसद. ती बांधताना गुलाम लावले होते. सरकार मालकांकडून गुलाम भाड्याने घ्यायचं आणि भाडं मालकाला द्यायचं, जसं आपण कोणाकडून जेसीबी आणतो आणि पैसे जेसीबीला देत नाही तसं.

त्या घुमटावर स्वातंत्र्यदेवतेचा ब्राँझचा पुतळा आहे. तो ओतण्याच्या कामावर फिलिप रीड नावाचा एक गुलाम होता. आठवड्याच्या सहा दिवसांची कमाई मालकाची. रविवारी जादा काम केलं तर ते सव्वा डॉलर मात्र फिलिपच्या हातात. स्वातंत्र्याच्या पुतळ्यावर काम करणारा माणूस स्वतः कोणाच्या तरी मालकीचा! पुतळा १८६३ च्या डिसेंबरात वर चढला तोपर्यंत वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी कायद्याने संपली होती, म्हणून निदान तेव्हा तो सुटलेला होता.

१६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकन लोक विकायला उतरवले तिथून १८६५ पर्यंत धरलं तर जवळजवळ अडीचशे वर्षं हे चाललं. १७८७ ची राज्यघटना लिहिताना तर एक अजब हिशेब केला, गुलाम मोजायचे ते तीन-पंचमांश माणूस म्हणून. बरेच जण समजतात की हा फक्त अपमान होता, पण त्यात डाव होता. दक्षिणेतल्या राज्यांना गुलामांना मत द्यायचं नव्हतं पण लोकसंख्येत मात्र धरायचं होतं, कारण जितकी डोकी जास्त तितके खासदार जास्त. रेशनकार्डावर नाव तुमचं आणि धान्य दुसराच उचलून नेतोय, तसला प्रकार.

१८६५ ला गुलामगिरी संपली ना, मग?

हाच प्रश्न बाबांनीही विचारला होता. "लिंकनने सोडवलं की त्यांना, शाळेत धडा होता आम्हाला." बरोबर आहे. यादवी युद्ध झालं, घटनादुरुस्त्या झाल्या, १८६५ ला गुलामगिरी बंद, १८६८ ला नागरिकत्व, १८७० ला पुरुषांना मताचा हक्क. आणि पहिली काही वर्षं खरोखर फरक पडला, १८७० मध्येच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स नावाचा कृष्णवर्णीय माणूस सिनेटर झाला. धडा इथे संपतो आणि खरी भानगड इथून सुरू होते.

१८७७ ला केंद्राने दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी एक एक करून सगळं परत घेतलं. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, नळ वेगळे, दवाखाने वेगळे. या सगळ्या कायद्यांच्या गाठोड्याला 'जिम क्रो' म्हणतात, एक गोरा नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टर उडवायचा त्या पात्राचं हे नाव. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही शिक्का मारला, वेगळं ठेवलं तरी चालेल, फक्त सारखं ठेवा. सारखं कुठेच ठेवलं नाही.

मताचं काय केलं बघा. घटनेत तर हक्क होता, तो काढता येत नव्हता. मग मत द्यायला कर लावला, जो शेतमजुराला परवडत नाही. वाचन-परीक्षा ठेवली, आणि पास की नापास हे ठरवणार खिडकीतला गोरा कारकून. घटनेतलं एखादं किचकट कलम द्यायचं आणि म्हणायचं याचा अर्थ सांग. सरकारी खिडकीवर ज्याने "अजून एक कागद आणा, मग बघू" ऐकलंय त्याला हे लगेच कळेल, फक्त इथे तो कागद कधीच पुरा पडणार नाही याची सोय केलेली होती. १९६४ सालापर्यंत मिसिसिपीत मत द्यायच्या वयाच्या १०० कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ जणांची नावं यादीत होती. आपल्याकडे १९५१-५२ ला पहिल्याच निवडणुकीत शेतमजूर, बायाबापड्या सगळ्यांना एकदम मत मिळालं, आणि जगाला लोकशाही शिकवणाऱ्या देशात ही स्थिती.

आणि रोजचं जगणं? अलाबामातल्या मंटगमेरी शहराची बस घ्या. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरकडे पैसे द्यायचे, परत खाली उतरायचं आणि चालत मागच्या दाराशी जाऊन तिथून चढायचं. कधीकधी तो मागे पोचेपर्यंत ड्रायव्हर बस सोडून निघूनही जायचा, पैसे गेलेच. १९५५ च्या १ डिसेंबरला रोझा पार्क्स नावाची कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही ती हीच बस, आणि मग तिथल्या लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल टाकलं नाही. चालत गेले कामावर.

हे मी बाबांना बऱ्याच वर्षांनी सांगितलं, एका रविवारी. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आमच्या गावात विहिरीवर असंच होतं, त्या वस्तीतल्या बायका खाली घागर ठेवून उभ्या राहायच्या, कोणी वरून ओतलं तर पाणी. "आईबरोबर मी जायचो, मी बघितलंय ओतताना, पण ओतलं नाही तर त्या किती वेळ उभ्या राहायच्या ते काही मी कधी थांबून बघितलं नाही."

मग रडत होते ते कोण

आता गणित मांडतो. १९६५ च्या ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावी मताच्या हक्कासाठी लोक मोर्चाने निघाले, पुलावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने त्यांना झोडपलं. पुढच्या रांगेत जॉन लुईस होते, २५ वर्षांचे, डोक्याची कवटी फुटली. ते टीव्हीवर दिसलं, देश हादरला, आणि पाच महिन्यांनी, ६ ऑगस्टला, मतदान हक्क कायदा झाला. त्यानंतर दोनच वर्षांत मिसिसिपीतला तो आकडा १०० मागे ७ वरून ६० च्या आसपास गेला. म्हणजे लोक तयारच होते, दार बंद होतं.

मैदानात रडणारी ६५ वर्षांची बाई १९६५ ला २१ वर्षांची होती. म्हणजे तिचं लहानपण, शाळा, तरुणपण सगळं जिम क्रोत गेलेलं. तिला हे पुस्तकात वाचायची गरज नव्हती. एकाच आयुष्यात मागच्या दारापासून या पायऱ्यांपर्यंत. ओबामाही भाषणात म्हणालेच की ६० वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना इथल्या एखाद्या हॉटेलात जेवायला वाढलं नसतं आणि आज मी तुमच्यासमोर शपथ घेतोय.

आणि जॉन लुईस त्या दिवशी व्यासपीठावर होते, ६८ वर्षांचे, जॉर्जियाचे खासदार. नंतर त्यांनी ओबामांकडे एक फोटो सहीसाठी पुढे केला, त्यावर ओबामांनी लिहिलं, "तुझ्यामुळे, जॉन."

झालं, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ते जिंकल्याचे अश्रू नव्हतेच, जे लोक हे बघायला उरले नाहीत त्यांची आठवण होती ती. पोरगा दहावी पास झाल्यावर आई आजोबांच्या फोटोसमोर पेढा ठेवते आणि पदर डोळ्याला लावते, तसं.

पण त्याची आई तर गोरी होती ना?

होती. कॅन्ससची. वडील केनियाचे, शिकायला हवाईत आले होते. लहानपणी बरीच वर्षं गोऱ्या आजी-आजोबांनी सांभाळलं, आणि ती आजी निवडणुकीच्या दोनच दिवस आधी गेली. म्हणजे ओबामांच्या वडिलांकडचं घराणं अमेरिकेतल्या गुलामांचं नव्हेच, हा आक्षेप तिथल्या कृष्णवर्णीयांमध्येही काही जण घेत होते.

पण अमेरिकेत काळं कोण हे रंगाच्या टक्केवारीवर कधीच ठरलं नाही. एक थेंब जरी आफ्रिकन रक्त असेल तरी माणूस काळा, असा नियमच होता, काही राज्यांत तर कायद्यात लिहिलेला. पोलीस तुम्हाला थांबवतो तेव्हा आईचा फोटो बघत नाही. शिवाय ओबामांच्या आईवडिलांचं लग्न १९६१ चं. हवाईत चाललं, पण तेच लग्न दक्षिणेतल्या राज्यात केलं असतं तर गुन्हा. १९६७ ला सुप्रीम कोर्टाने ही बंदी उठवली तोपर्यंत १६ राज्यांत ती चालू होती. १९५८ च्या गॅलप या संस्थेच्या पाहणीत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला १०० पैकी ४ जणांची मान्यता होती, २०२१ ला ९४ जणांची. एवढी उलथापालथ फार थोड्या बाबतीत झाली असेल.

आणि मिशेल ओबामांचं घराणं मात्र थेट तिथलंच, त्यांचे खापरपणजोबा जिम रॉबिन्सन साउथ कॅरोलायनात भाताच्या मळ्यावर गुलाम होते. व्हाइट हाउस बांधतानाही गुलाम होतेच. त्या घरात या बाई मुलींना घेऊन राहायला गेल्या.

गोऱ्यांनीच निवडून दिलं, म्हणजे वंशभेद संपला की

इथे आकडे बघावे लागतात. २००८ ला ओबामांना एकूण ५३ टक्क्यांच्या जवळपास मतं मिळाली. कृष्णवर्णीयांमध्ये ९५ टक्के. गोऱ्यांमध्ये ४३ टक्के. म्हणजे गोऱ्या मतदारांत ते हरले होते. पण थांबा, १९६४ नंतर ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कुठल्याच उमेदवाराला गोऱ्यांची अर्धी मतं मिळालेली नाहीत, आणि आधीचे गोरे उमेदवार जॉन केरी यांच्यापेक्षा ओबामांना गोऱ्यांची मतं थोडी जास्तच पडली. त्यामुळे दोन्ही टोकांच्या लोकांनी हे आकडे आपापल्या सोयीने वापरले.

तेव्हा पेपरांत एक शब्द फार चालला होता, 'पोस्ट-रेशियल', म्हणजे वंशाच्या पलीकडे गेलेला समाज. सहा महिने टिकला. जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे नावाजलेले प्राध्यापक हेन्री लुईस गेट्स चीनहून घरी आले, पुढचं दार अडकलं होतं म्हणून टॅक्सीवाल्याला घेऊन ते ढकलत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, बाचाबाची झाली आणि प्राध्यापकांना स्वतःच्याच घराच्या ओसरीवर बेड्या. ओबामा म्हणाले पोलीस मूर्खासारखे वागले, त्यावरून इतकं मोहोळ उठलं की शेवटी प्राध्यापक आणि तो पोलीस दोघांना व्हाइट हाउसच्या बागेत बोलावून बिअर पाजावी लागली. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, आणि टेबलावर शेंगदाणे. देशातला सगळ्यात बलवान माणूस, पण या विषयावर एक वाक्य बोलला तर आठ दिवस निस्तरत बसला.

मग 'हा अमेरिकेत जन्मलाच नाही' ही आवई. इतकी पसरली की २०११ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षाला आपला जन्मदाखला जाहीर करावा लागला, जणू तलाठी कार्यालयात उभा आहे. यात सगळ्यात मोठा आवाज डोनाल्ड ट्रम्प यांचा होता.

मग काहीच बदललं नाही असं म्हणायचं का

मला तरी असं म्हणवत नाही. २००९ च्या मे महिन्यातला एक फोटो आहे. व्हाइट हाउसमध्ये काम करणारे एक जण नोकरी सोडून जाताना कुटुंबासह निरोप घ्यायला आले होते. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, मला बघायचंय तुमचे केस माझ्यासारखे लागतात का. ओबामा म्हणाले, मग हात लावून बघ की, आणि कंबरेत वाकून डोकं पुढे केलं. मुलाने हात लावला आणि म्हणाला हो, सारखेच लागतात. व्हाइट हाउसच्या भिंतींवरचे बाकीचे फोटो सारखे बदलायचे, हा कित्येक वर्षं काढला नाही.

त्या मुलाला जे कळलं ते कायद्याने समजावता येत नाही. पण यातून त्याच्या आईवडिलांना घराचं कर्ज स्वस्त मिळालं का, तर नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला सगळा घोळ त्या एकत्र मोजण्यात होतो.

आठ वर्षं खुर्ची हातात होती, मग?

अमेरिकेत पोलीस शहराचे, शाळा गावच्या, मतदानाचे नियम राज्याचे. पंतप्रधान बदलला म्हणून तुमच्या गावचा ग्रामसेवक सोमवारपासून वेळेवर यायला लागत नाही ना. ओबामांनी आरोग्यविम्याचा कायदा केला. क्रॅक कोकेन (ज्यात बहुतेक कृष्णवर्णीय पकडले जायचे) जेवढं सापडल्यावर जी शिक्षा व्हायची, तीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन त्याच्या १०० पट सापडावं लागायचं, तो फरक २०१० ला १८ पटींवर आणला. बघा म्हणजे, सुधारणा करूनही १८ पट.

पण सगळ्यात चिवट गोष्ट पैसा आहे, आणि ती समजायला आपलं घरचं उदाहरण पुरतं. एकाच ऑफिसात दोन क्लार्क, पगार सारखा. एकाच्या आजोबांनी ६०-६५ साली कोथरूडला प्लॉट घेतला, दुसऱ्याच्या आजोबांना त्या सोसायटीने सभासदच करून घेतलं नाही म्हणून ते जन्मभर भाड्याने राहिले. आज पहिल्याचा फ्लॅट कोटीत, मुलगी परदेशात शिकतेय. दुसरा ईएमआय भरतोय. दोघांत आज कोणी कोणावर अन्याय करत नाहीये, दोघं डबाही एकत्र खातात. पण अंतर तसंच.

अमेरिकेत हे सरकारने नकाशे काढून केलं. १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे रंगवले, जिथे कृष्णवर्णीय राहतात तो भाग लाल, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. याला रेडलायनिंग म्हणतात. महायुद्धानंतर गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर उपनगरात घरं घेतली, लाल भागातल्यांना ती हमीच नाही. १९६८ ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, पण तोपर्यंत एका पिढीचा प्लॉट हुकला होता. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या (म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेच्या) पाहणीत सगळी गोरी कुटुंबं संपत्तीप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या कुटुंबाकडे २ लाख ८५ हजार डॉलर, आणि कृष्णवर्णीयांच्या रांगेतल्या मधल्याकडे सुमारे ४५ हजार. सहा पटींपेक्षा जास्त. शपथविधीला १३ वर्षं झाल्यावरचा हा आकडा आहे.

छत्रीची गोष्ट

आता ते लक्षात ठेवलेलं नाव. १९६५ च्या कायद्यात एक अट होती. ज्या राज्यांचा मत अडवण्याचा जुना इतिहास आहे (नऊ पूर्ण राज्यं, शिवाय काही भाग) त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. जामिनावर सुटलेल्याने ठाण्यात हजेरी लावावी तसं. २५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा निकालात ती यादीच रद्द केली, आणि निकाल लिहिला जॉन रॉबर्ट्स यांनी. कारण काय, तर देश बदललाय, बघा, जिथे मारहाण झाली त्या सेल्मात आता कृष्णवर्णीय महापौर आहे, मतदानही सारखं झालंय. खोटं नव्हतं ते. २०१२ ला, म्हणजे ओबामांच्या दुसऱ्या निवडणुकीत, कृष्णवर्णीयांच्या मतदानाचं प्रमाण पहिल्यांदाच गोऱ्यांपेक्षा जास्त होतं.

विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग म्हणाल्या, हे म्हणजे मुसळधार पावसात मी भिजत नाहीये म्हणून छत्री फेकून देण्यासारखं आहे. कोकणातल्या माणसाला याहून वेगळं समजवायला नको. निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने अडकवून ठेवलेला मतदार ओळखपत्राचा कडक कायदा लागू करतो म्हणून जाहीर केलं.

मला या सगळ्या प्रकरणातलं मर्म इथे वाटतं. पहिला माणूस वर पोचतो ते आधार होते म्हणून, आणि तो पोचला हेच कारण दाखवून आधार काढले जातात. २०२३ ला विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला कोर्टाने मनाई केली, तोही निकाल रॉबर्ट्स यांचाच.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं?

आपल्याकडचा माणूस दीडशे वर्षांपूर्वीच तिकडे बघत होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' छापलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, आपल्या लोकांनी त्यांचा कित्ता घ्यावा म्हणून. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ ला त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडे तुम्ही लोक जो अर्ज करताय त्याच्या प्रती मिळतील का म्हणून. १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर काढली, नाव घेतलं ते कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. आणि २०१० च्या नोव्हेंबरात ओबामा दिल्लीत संसदेत बोलले तेव्हा त्यांनी डॉ. आंबेडकरांचं नाव घेतलं.

शिवाय तो वाद आपण घरीही ऐकलेलाच आहे. के. आर. नारायणन १९९७ ला पहिले दलित राष्ट्रपती झाले तेव्हा "आता कशाला हवंय आरक्षण, राष्ट्रपती झाले की" हे वाक्य मी आमच्याच जिन्यात ऐकलंय. बोलणारे काका पुण्यात भाडेकरू ठेवताना आडनाव विचारून ठेवायचे.

आणि आता

जॉन लुईस २०२० च्या जुलैमध्ये गेले. त्यांची शवपेटी घोडागाडीवरून सेल्माच्या त्याच पुलावरून नेली, खाली गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या. त्या पुलाला एडमंड पेटस याचं नाव आहे, गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीचा पुढारी. ते नाव कमानीवर आहे तसंच आहे. लुईस यांच्या नावाने परवानगीची ती अट परत आणायचं विधेयक खालच्या सभागृहात २०२१ ला मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाला हरल्या. गव्हर्नर म्हणून निवडून आलेले कृष्णवर्णीय २०२२ पर्यंत मोजून तीन: विल्डर, पॅट्रिक, मूर. राज्यं ५०.

२०२५ ची २० जानेवारी सोमवारी आली, आणि जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे तिकडे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी. थंडी फार म्हणून कार्यक्रम घुमटाखाली आत घेतला होता. रात्रीचे साडेदहा, आम्ही परत टीव्हीसमोर, बाबांचा आता चष्मा जाड झालाय. ट्रम्प हात वर करून उभे राहिले आणि समोर काळ्या झग्यातला माणूस बोलायला लागला तसे बाबा पुढे सरकले. "अरे, हा तोच ना? तेव्हा शब्द चुकला होता तो?"

म्हणलं, हो, तोच. या वेळी नाही चुकला.